विद्यार्थ्यांचे लघुपट आणि कौशल्यांची जमाखर्चवही

महाविद्यालयांतून लघुपट निघतात, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात, जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, कुठे ना कुठे दरवर्षी मुले लघुपट तयार करतात आणि त्यासोबत चार-सहा पानांचा एक अहवाल सादर करतात. 'या प्रकल्पातून मी काय शिकलो' हे त्या अहवालाचे शेवटचे प्रकरण असते. आमचे भांडण या शेवटच्या प्रकरणाशी आहे.

त्यात काय असते, हे ज्यांनी असे गठ्ठे तपासले आहेत त्यांना सांगायला नको. संघभावना वाढली. वेळेचे नियोजन जमले. कॅमेरा हाताळणे, संकलनाचे सॉफ्टवेअर वापरणे ही तांत्रिक कौशल्ये आत्मसात झाली. नेतृत्वगुणांचा विकास झाला. तीस अहवाल वाचले तर तिसांतही हीच वाक्ये, फार तर क्रम बदललेला. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. रकाने आपण आखून दिले, मुलांनी ते भरले. पण हीच वाक्ये लघुपटाऐवजी वृक्षारोपणाच्या किंवा आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या अहवालात जशीच्या तशी ठेवली, तर काय बिघडेल? काहीही नाही. ज्या वाक्यांतून लघुपट काढून घेतला तरी ती शाबूत राहतात, ती लघुपटाविषयीची वाक्ये नव्हेत.

आम्ही दोघे वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि गेली काही वर्षे मुलांच्या अशा लघुपटांच्या मागे उभे राहत आलो आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की विद्यार्थी-लघुपटातून चित्रपट करण्याचे कौशल्य खरोखरच घडते. पण ते यंत्र चालवण्याचे कौशल्य नसते. ते पाहण्याचे, ऐकण्याचे आणि हाती आलेले सोडून देण्याचे कौशल्य असते. महाविद्यालयीन मूल्यमापनाला हे मोजता येत नाही, एवढीच तक्रार असती तर आम्ही गप्प बसलो असतो. परंतु जो विद्यार्थी हे कौशल्य दाखवतो त्याचेच गुण कापले जातात, असा आमचा अनुभव आहे. आणि म्हणून हे लिहिणे भाग आहे.

१

आधी यंत्राचे बघू. मोबाइलवर चित्रण करणे आणि त्यातच ते कापून-जोडून गाणे चिकटवणे ही गोष्ट मुलांना शिकवावीच लागत नाही. अकरावीत येतानाच ती त्यांना येत असते, आणि आमच्यापेक्षा चांगली येत असते. जे विद्यार्थी घेऊनच आला ते 'प्रकल्पातून मिळालेले कौशल्य' म्हणून लिहून घेणे हा प्रामाणिकपणा नव्हे. शिवाय हे ज्ञान लवकर शिळे होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलते, कॅमेऱ्याची जात बदलते. आणि आता तर चार ओळींचे वर्णन लिहून दिले की दृश्य तयार करून देणारी यंत्रे आली आहेत. यंत्राचे कौशल्य हीच शिक्षणाची जमा मानायची, तर ही जमा पदवी हाती पडण्याआधीच खर्ची पडलेली असते.

चित्रपटाच्या इतिहासात मात्र उलटेच दिसते. यंत्र आणि कच्चा माल यांची चणचण होती तेव्हा शिक्षण उत्तम झाले. मॉस्कोची चित्रपटशाळा १९१९ साली सुरू झाली तेव्हा रशियात कच्ची फिल्म मिळण्याची मारामार होती. लेव्ह कुलेशोव्ह आणि त्यांचे विद्यार्थी फिल्मशिवाय चित्रपट 'करत'. दृश्ये तुकड्यातुकड्यांत बसवून, जणू शॉट बदलत आहेत अशा रीतीने, ती प्रेक्षकांसमोर सादर करत. संकलनाचा विचार त्यांनी आधी डोक्यात केला, कात्री नंतर हातात आली. आपल्याकडेही दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केले होते? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या कोंबाची वाढ दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रित केली. भारतीय चित्रपटातला पहिला विद्यार्थी-प्रकल्प कुठला, असे विचारले तर आम्ही याच कोंबाकडे बोट दाखवू. विद्यार्थ्याने चाळिशी ओलांडली होती, एवढेच. रोज त्याच जागी, त्याच अंतरावरून, त्याच रोपाकडे पाहणे हा तो धडा होता.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (स्थापना १९६०, प्रभात स्टुडिओच्या जागेत) पिढ्यान्‌पिढ्या मुले फिल्मवर शिकली. ३५ मिलिमीटरची हजार फुटांची रीळ अकरा मिनिटांत संपते, चारशे फुटांची साडेचार मिनिटांच्या आतच. रीळ मोजून मिळत असे. म्हणजे कॅमेरा सुरू करण्याआधी 'हे का घेतो आहोत' या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागे. आमच्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये शेकडो मिनिटे मावतात, म्हणून तो आधी सगळे घेतो आणि मग प्रश्न विचारतो. बहुधा विचारतच नाही. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. फिल्म महाग होती म्हणून असंख्य मुलांच्या हाती ती कधी आलीच नाही, हेही आम्हांस ठाऊक आहे. आज साधन सर्वांच्या हाती आहे, ही मोठीच गोष्ट. पण पूर्वी चणचण जे शिकवत असे, ते आता शिक्षकाने शिकवायला हवे. आणि शिक्षक तर रकाने भरून घेण्यात गुंतला आहे.

२

मुलांचे पहिले लघुपट कसे असतात? शेतकऱ्याची आत्महत्या, दारुडा बाप, हुंडा, मोबाइलचे व्यसन, वृद्धाश्रमातली आई. झाडाला टांगलेला दोर. मावळता सूर्य. चुलीपुढची आजी आणि पार्श्वभूमीला बासरी. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संदेश. विषय खोटे नाहीत. ज्या मुलांच्या घरात हे घडले आहे तीच मुले हे करत असतात. आणि तरीही लघुपट उसना वाटतो, कारण मुलाने घरात जे पाहिले ते न दाखवता, अशा विषयावरच्या चित्रपटात जे दाखवतात ते दाखवले आहे. चुलत्याने जीव दिला त्या दिवशी घरात काय होते? बँकेची नोटीस कुठे ठेवली होती, जनावरांना पाणी कुणी पाजले, दारात गाडी आली तेव्हा कोण आधी उठले? हे त्या मुलाला माहीत असते आणि लघुपटात यातले काहीच नसते. दोर मात्र असतो.

भाषेचे तसेच. धुळ्याकडची एक विद्यार्थिनी. घरी अहिराणी. तिच्या लघुपटातली आई मात्र बालभारतीच्या पुस्तकातून उठून आल्यासारखी बोलत होती. आम्ही कारण विचारले तेव्हा तिने सांगितले, "सर, अहिराणीत बोलली तर लोक हसतील." या एका वाक्यात आपल्या रंगभूमीचा, चित्रपटाचा, दूरचित्रवाणीचा केवढा इतिहास आहे! वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी यांना नोकराच्या, गावंढळाच्या, विनोदवीराच्या तोंडी घालून आपण जे केले, त्याचे फळ असे, की आईचे दुःख दाखवायचे तर मुलीला आईची भाषा बदलावी लागते. मराठीच्या विभागात लघुपट करायचा तो कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आपले गाव, आपली बोली, आपले घर ही उणीव नसून हाच आपला ऐवज आहे, हे त्या मुलीला कळावे यासाठी. दुसऱ्या आवृत्तीत तिने आईला अहिराणीत बोलू दिले. वर्गात कुणी हसले नाही. पण तिच्या अहवालात या गोष्टीला जागा नव्हती, कारण 'आईची भाषा परत आणली' असा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

३

गुण कापले जाण्याविषयी वर लिहिले, त्याचे एक उदाहरण देणे आवश्यक आहे.

बीड जिल्ह्यातला एक विद्यार्थी. त्याच्या नात्यातली माणसे दर हंगामात ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. तो दिवाळीनंतर फडावर गेला, कोपीत राहिला आणि चित्रण करून आला. पहिली जुळणी नेहमीसारखीच होती: धुक्यातून येणाऱ्या बैलगाड्या, कोयत्यावर चमकणारे ऊन, संथ संगीत. पण साठ-सत्तर तुकड्यांत एक तुकडा निराळा होता. मुलाखत संपली असे समजून एक बाई मोळी बांधायला वळल्या होत्या आणि कॅमेरा चालूच राहिला होता. मोळी बांधून झाल्यावर त्या बोटांवर हिशेब करू लागल्या: मुकादमाकडून उचल किती घेतली, किती फिटली, किती उरली. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. त्या स्वतःविषयी बोलत होत्या, आणि बोलताना 'आमचा कोयता' असे म्हणत होत्या. माणसाची जोडी आणि हत्यार यांना एकच शब्द आहे, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या मुलाने ते लहानपणापासून ऐकले होते. पण त्याचा अर्थ त्याला त्या रात्री संकलन करताना कळला, असे तो म्हणाला.

बैलगाड्या, ऊन आणि संगीत त्याने काढून टाकले आणि हा तुकडा मध्यभागी ठेवला. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही अहवालात शोभली असती. पुढे तो पुन्हा फडावर गेला आणि त्या बाईंना मोबाइलवर ते दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "यात मुकादमाचं नाव निघालंय. आवाज काढ बाबा. पुढल्या साली त्याच्याकडंच यायचंय आम्हाला." बोटे राहू दे, आवाज नको. त्याने आवाज काढला. अंतिम लघुपटात जवळजवळ पाऊण मिनिट आवाजच नाही; फक्त पेरांवरून सरकणारा अंगठा दिसतो.

परीक्षकांनी शेरा लिहिला: 'ध्वनिमुद्रणात तांत्रिक दोष.' ध्वनीच्या दहा गुणांपैकी तीन मिळाले.

या पाऊण मिनिटात त्या मुलाने काय काय शिकून दाखवले, याची यादी करून पाहा. सुंदर दृश्ये टाकून देणे. अनवधानाने मिळालेल्या तुकड्यात अर्थ ओळखणे. ज्याचे चित्रण केले त्याच्याकडे परत जाऊन परवानगी मागणे. आपल्या लघुपटातला सर्वांत मोलाचा भाग, दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून, गमावणे. आणि गमावल्यानंतर उरलेल्या शांततेवर विश्वास ठेवणे. चित्रपट करणे म्हणजे याहून निराळे काय असते? हे सगळे आमच्या मूल्यमापनात 'दोष' या नावाखाली जमा झाले. आम्ही हरकत घेतली, तेव्हा उत्तर मिळाले की तक्ता विद्यापीठाकडून आलेला आहे, त्यात ढवळाढवळ करता येत नाही.

४

या संदर्भात 'पिस्तुल्या'चे नाव हटकून निघते. नागराज मंजुळे यांनी तो अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) न्यू आर्ट्स महाविद्यालयात जनसंज्ञापन शिकताना, अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून केला, आणि २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात पदार्पणाच्या चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला. मग 'फँड्री' (२०१३), 'सैराट' (२०१६). हे उदाहरण आता प्रत्येक जिल्ह्यातल्या प्रत्येक कार्यशाळेत दिले जाते, आणि ते बहुतेक वेळा चुकीच्या बाजूने दिले जाते. 'बघा, कॉलेजच्या प्रोजेक्टमधून माणूस कुठल्या कुठे गेला.' म्हणजे लघुपट ही शिडी आणि पुरस्कार हा माळा.

आमचे वाचन वेगळे आहे. शाळेची ओढ असलेला, भटक्या-विमुक्तांच्या पालातला मुलगा ज्या नजरेने त्या लघुपटात पाहिला गेला, ती नजर जनसंज्ञापनाच्या दोन वर्षांत तयार झालेली नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात वाढणे, मराठीत एम. ए. करणे, कविता लिहिणे, हे सगळे आधी होते. प्रकल्पाने त्या सगळ्याला एक निमित्त दिले, मुदत दिली, कॅमेरा दिला. महाविद्यालयाने एवढे केले तरी पुष्कळ केले. परंतु आज आपण निमित्तालाच कारण समजतो आहोत आणि ज्याला खरोखर वेळ लागतो, ते वाचन, ते ऐकणे, ती स्वतःच्या गावाकडे पाहण्याची हिंमत, त्याला अभ्यासक्रमातून हळूहळू बाहेर काढतो आहोत.

फिल्म इन्स्टिट्यूटच्या मुलांविषयीही हेच म्हणता येईल. उमेश कुलकर्णी यांचा 'गिरणी' हा पदविका-चित्रपट आठवावा. घरात पिठाची गिरणी येते आणि घरातल्या मुलाचे जगणे तिच्या आवाजाने भरून जाते. तिथे उत्तम यंत्रसामग्री होती, हे खरे. पण घरातली गिरणी मुलाच्या कानांनी ऐकायची, हे सुचायला यंत्रसामग्री लागत नाही.

५

आमच्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील.

पहिला आमच्याच विभागांतून. लघुपट हे मराठीचे कामच नव्हे, त्याने वाङ्मयाभ्यास पातळ होतो, असे म्हणणारे सहकारी आम्हांला आदरणीय आहेत. पण त्यांचे म्हणणे आम्हांला पटत नाही. सुमित्रा भावे चित्रपटाचे शिक्षण घेऊन या क्षेत्रात आल्या नव्हत्या. त्या सामाजिक संशोधक होत्या. ज्या स्त्रियांविषयी संशोधन करायचे त्यांनाच ते वाचता येत नाही, या अडचणीतून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि 'बाई' (१९८५) झाला. अभ्यास पातळ करणे याला म्हणत नाहीत. कथेतला निवेदक काय सांगतो आणि काय दडवतो हे ज्याला वाचता येते, त्याला शॉट कुठे कापावा हे इतरांपेक्षा लवकर कळते, असा आमचा अनुभव आहे. आणि उलटही: एकदा संकलन केलेला विद्यार्थी कथेतल्या रिकाम्या जागा अधिक सावधपणे वाचतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. मुलांना नोकरी हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कौशल्याधारित अभ्यासक्रम आले ते त्यासाठीच. तुम्ही पाहणे-ऐकणे म्हणत बसाल तर मुले खातील काय? भाकरीच्या प्रश्नाची टिंगल आम्ही करणार नाही; आमची बहुतेक मुले त्या प्रश्नासहच वर्गात येतात. परंतु लग्नाचे चित्रण करणाऱ्या स्टुडिओत सहा महिने उमेदवारी केलेला मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आमच्या विद्यार्थ्याला सहज मागे टाकतो, आणि त्याला त्या सहा महिन्यांचे पैसेही मिळतात. त्या स्टुडिओशी स्पर्धा करणे हे महाविद्यालयाचे काम नाही आणि त्याला ते जमणारही नाही. जे त्या स्टुडिओत मिळत नाही ते देणे एवढेच आपल्या हाती आहे. आणि तेच आपण देत नसू, तर 'कौशल्य' हा शब्द वापरून आपण त्या मुलाची दुहेरी फसवणूक करतो: त्याला कारागिरी पुरती मिळत नाही आणि दृष्टीही मिळत नाही. मिळते ते प्रमाणपत्र आणि मूल्यांकन समितीच्या फायलीत लावायचा एक छायाचित्रांचा संच.

६

मग करावे काय? आम्ही फार मोठे मागत नाही.

पहिला लघुपट कुठल्याही स्पर्धेला पाठवू नये. स्पर्धेसाठी केलेला पहिला लघुपट हा मागच्या वर्षीच्या विजेत्या लघुपटाची नक्कल असतो. पहिल्या सत्रात संगीत नको, संवाद नको, ड्रोन तर नकोच. दहा शॉट, एकच जागा, प्रत्येक शॉट दोनदाच घेण्याची मुभा. एसटीचा स्टँड, पाणवठा, रेशनचे दुकान, घरातले स्वयंपाकघर, कुठलीही जागा चालेल, मात्र विद्यार्थी तिथे कॅमेऱ्याविना दोन दिवस बसून आलेला असावा. ध्वनी स्वतंत्रपणे शिकवावा आणि बोलीसह शिकवावा. लघुपट ज्यांच्याविषयी आहे त्यांना तो परीक्षकांच्या आधी दाखवावा, त्यांनी काय काढायला सांगितले याची नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीला गुण असावेत. फसलेले लघुपट कपाटात न टाकता पुढच्या वर्गाला दाखवावेत, अर्थात करणाऱ्याची संमती घेऊन. आजवर आपण फक्त बक्षिसे मिळालेले दाखवत आलो, म्हणून मुलांना चित्रपट 'होतो' कसा हे दिसतच नाही.

आणि ते शेवटचे प्रकरण. 'मी काय शिकलो' हा प्रश्न रद्द करावा. त्याऐवजी विद्यार्थ्याकडून वगळलेल्या तुकड्यांची एक वही मागावी: कोणते दृश्य कापले, केव्हा कापले, कुणाच्या सांगण्यावरून कापले, आणि कापताना काय वाटले. संघभावना आणि नेतृत्वगुण यांची वाक्ये शेजारच्याच्या अहवालातून उतरवून घेता येतात. अहिराणी बोलणाऱ्या आईला प्रमाण मराठी का दिली आणि ती नंतर का काढून घेतली, हे कुणाचे पाहून लिहिता येत नाही. त्या वहीला किती गुण द्यायचे, हा वाद अभ्यास मंडळाच्या बैठकीत घालायला आम्ही तयार आहोत. दहापैकी तीन मात्र आम्हांला मान्य नाहीत.